दहा मिनिटांचा एकांत

मार्च २०२० चा शेवटचा आठवडा. लोकल बंद, शाळा बंद, सगळी मुंबई दारं लावून घरात. त्या पहिल्या दिवसांत घरगुती हिंसाचारावर काम करणाऱ्या देशातल्या काही संस्थांच्या हेल्पलाइनवर येणारे फोन वाढायच्या ऐवजी चक्क कमी झाले. बाहेरच्याला वाटावं, चला, निदान घरात तरी बरं चाललंय. फोनच्या अलीकडे बसणाऱ्या समुपदेशक ताईंच्या मात्र पोटात गोळा आला. मारणारा माणूस कुठे गेलेला नव्हता, उलट आता चोवीस तास घरातच होता. बाईला फोन करायला जो एकांत लागतो, तोच तिच्याकडून गेला होता. दहाच मिनिटांचा, पण तेवढा तरी लागतोच.

कोविडच्या साथीच्या काळात मदतीची यंत्रणा कुठे अडखळली आणि कुठे तग धरून राहिली, हे समजून घ्यायचं तर या दहा मिनिटांपासून सुरुवात करावी लागते. कायदा, पोलीस, कोर्ट हे सगळं त्यानंतर.

समजा, कुर्ल्याच्या एका वस्तीत दहा बाय बाराची खोली आहे. नवरा, बायको, दोन मुलं, सासू. बाई तीन घरी पोळ्या करायला जाते, नवरा टेम्पो चालवतो. हात उचलायची त्याला जुनी सवय. फेब्रुवारीत या बाईकडे किती वाटा होत्या ते मोजू. कामावर जाता-येताना ती एकटी असे, म्हणजे बहिणीला फोन करता येई. ज्यांच्याकडे कामाला जाते त्या काकूंना गालावरचा वळ दिसे. नळावर, संडासच्या रांगेत शेजारणीशी बोलणं होई. मुलांना शाळेत सोडताना दुसऱ्या आया भेटत. फारच झालं तर मुलांना घेऊन कुर्ल्याला लोकल पकडायची आणि टिटवाळ्याचं माहेर गाठायचं. दोन दिवसांनी नवरा न्यायला येई, भाऊ चार शब्द सुनावी, महिनाभर घर शांत राही. याला कुणी यंत्रणा म्हणणार नाही. पण बहुतेक बायकांची खरी यंत्रणा हीच असते.

हे माझं नुसतं मत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ च्या, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या बायकांना विचारलं होतं की तुम्ही कुणाची मदत मागितलीत का. मागितली असं म्हणणाऱ्या निघाल्या १४ टक्के. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नव्हतीच, कुणाला सांगितलंही नव्हतं. आणि ज्यांनी मागितली त्यांनी सगळ्यात जास्त करून स्वतःच्या घरच्यांकडेच धाव घेतली होती. पोलीस, वकील, डॉक्टर फार मागे. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २५ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि महाराष्ट्रातली ही पाहणी साथ येण्याआधीच उरकली होती. म्हणजे हा आकडा लॉकडाऊनचा नाही, आपल्या नेहमीच्या दिवसांचा आहे.

आता लॉकडाऊन. २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली. १५ जूनपासून ती धावू लागली, पण फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. बाकीच्या बायकांना डब्यात चढायची परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला, तीही सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. म्हणजे टिटवाळ्याची वाट सात महिने बंद. सोसायट्यांनी कामाला येणाऱ्या बायकांना गेटवरच थांबवलं, त्यामुळे काकू गेल्या आणि पगारही गेला. शाळा बंद. नवऱ्याच्या टेम्पोला भाडं नाही, हप्ते थकलेले. त्या खोलीत सहाजण असतात, पाच नव्हेत, असं मला नेहमी वाटतं. सहावी ती चिंता.

इथे एक गैरसमज बाजूला काढून ठेवू. ‘दारूमुळे होतं हो सगळं’ हे आपलं लाडकं स्पष्टीकरण. २५ मार्चपासून ४ मेपर्यंत देशात दारूची दुकानं अधिकृतपणे बंद होती. चोरून मिळत असेल, पण नेहमीसारखी नक्कीच नाही. त्याच काळात तक्रारी येतच राहिल्या. दारू आगीत तेल ओतते, हे खरं. पण ‘माझ्या घरात माझंच चालणार’ हा हट्ट शुद्धीतही तितकाच शाबूत असतो.

तर या बाईला आपल्या माणसांच्या पलीकडची, म्हणजे सरकारी आणि संस्थांची मदत मिळायची तर ती कशी मिळते? एरवीच्या दिवसांत ही साखळी कशी चालते ते आधी पाहू, म्हणजे ती कुठे तुटली ते कळेल.

पहिलं ठिकाण अर्थातच पोलीस चौकी. मुंबईत बायकांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो: एनसी. ‘पोलिसांनी एनसी लिहून घेतली’ म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद केली. थोबाडीत मारली, ढकलून दिलं, शिवीगाळ केली अशा गोष्टी बहुधा त्यात जातात, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करू शकत नाहीत. म्हणून एनसीचा कागद हातात पडतो आणि पुढे काही होत नाही. नवऱ्याला बोलावून ‘समज’ दिली जाते. त्या समजेचा परिणाम कधी दोन आठवडे टिकतो, कधी घरी पोचेपर्यंतसुद्धा नाही. तरी कागद घ्यावा, पुढे कोर्टात तो कामाला येतो.

पोलीस आणि बाई यांच्यामध्ये कुणीतरी हवं, हे मुंबईला लवकर उमगलं. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात, पण खुर्चीवर प्रशिक्षित समाजसेविका. कल्पना साधी आहे आणि मला फार शहाणपणाची वाटते. पोलिसांच्या दारात गेल्याचा वचक नवऱ्यावर बसतो, आणि बाईला बोलायला मात्र खाकी वर्दी समोर नसते. पुढे राज्य सरकारने हे काम आपलं मानलं आणि असे कक्ष महाराष्ट्रभर उघडले.

दुसरं ठिकाण दवाखाना. इथे बाई तक्रार घेऊन येतच नाही, ती जखम घेऊन येते. ‘मोरीत पाय घसरला,’ ‘कपाटाचं दार लागलं.’ बऱ्याचदा नवराच सोबत असतो आणि तोच बोलतो. २०००-०१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संशोधन संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ नावाचं केंद्र सुरू केलं. रुग्णालयातच असलेलं असं हे देशातलं पहिलं केंद्र. मग कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात, आणि नंतर मुंबईतल्या ११ महापालिका रुग्णालयांत. पडल्याची जखम आणि मारल्याची जखम यांतला फरक ओळखायला डॉक्टर-नर्सना शिकवायचं, आणि शंका आली तर ‘तुम्ही जरा आत या, नातेवाईक बाहेर थांबा’ असं सांगून बाईला समुपदेशकाकडे पाठवायचं. ते ‘नातेवाईक बाहेर थांबा’ किती मोलाचं आहे बघा. आपली दहा मिनिटं तिथे डॉक्टरच्या हुकमाने मिळतात, आणि दवाखान्यात गेल्याबद्दल घरी कुणी जाब विचारत नाही. शिवाय केस पेपरवर ‘नवऱ्याने मारल्याचं रुग्ण सांगते’ असं एक वाक्य लिहिलं गेलं तर तो पुरावा होतो.

तिसरी गोष्ट कायदा, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण लोक दोन कायद्यांची सरमिसळ करतात. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाविरुद्धचं भारतीय दंड संहितेतलं ४९८-अ हे कलम १९८३ चं, आता भारतीय न्याय संहितेत ते ८५ आणि ८६ झालं आहे. ते फौजदारी: गुन्हा, अटक, शिक्षा. बऱ्याच बायकांना ते नको असतं. नवरा तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्यांना हवं असतं ते एवढंच: मारणं थांबावं, खोलीतून हाकलू नये, मुलांच्या खर्चाला पैसे मिळावेत. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. हा मुळात दिवाणी स्वरूपाचा. न्यायदंडाधिकारी आदेश देतात: हिला हात लावायचा नाही, हिला घरातून काढायचं नाही, एवढा खर्च द्यायचा, मुलं हिच्याकडे राहतील. गरज पडली तर नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगता येतं. तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. टोमणे आणि धमक्या, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, रेशनला पैसे न देणं, स्त्रीधन अडवून ठेवणं, हे सगळं त्यात येतं. आणि तो फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, लग्न न करता सोबत राहणारी बाई, सगळ्यांना लागू. आधी बायकोला नवऱ्याच्या नातेवाइकांविरुद्ध जाता येई, एरवी तक्रार फक्त सज्ञान पुरुषाविरुद्ध करता येई. २०१६ मध्ये मुंबईतल्याच एका मायलेकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘सज्ञान पुरुष’ हे शब्द काढून टाकले.

या कायद्यातला बायकांना सर्वात कमी माहीत असलेला माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. तो पोलीस नाही, वकीलही नाही. बाईची हकीकत ठरलेल्या नमुन्यात लिहून घटना अहवाल तयार करायचा, तो कोर्टात पोचवायचा, निवारागृह आणि उपचार मिळवून द्यायचे, कोर्टाची नोटीस समोरच्याला पोचती करायची, ही त्याची कामं. कायद्याच्या पुस्तकात वेळापत्रक सुरेख आहे. अर्ज आल्यावर शक्यतो तीन दिवसांत पहिली तारीख, नोटीस दोन दिवसांत, आणि ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न. प्रत्यक्षात तारखा किती लांबतात हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. पण तातडीची सोय आहे: समोरची बाजू न ऐकता, फक्त बाईच्या शपथपत्रावर अंतरिम आदेश देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांना आहे. आणि वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

अशी ही साखळी. आता ती लॉकडाऊनमध्ये कडी-कडीने कशी सैल झाली ते बघा.

पोलीस नाक्यानाक्यावर उभे. नाकाबंदी, मजुरांच्या गाड्या, बंदोबस्त, त्यात स्वतः आजारी पडणारे. अशा वेळी ‘नवरा मारतो’ ही तक्रार यादीत तळाला जाते. आणि तिला पोलीस चौकीपर्यंत जायचं तर दंडुक्याच्या धाकात रस्ता ओलांडायचा होता. रुग्णालयं कोविडमय झाली. साध्या जखमेसाठी कोण जाईल तिथे? भीतीने ओपीडी ओस पडल्या, म्हणजे ‘दिलासा’सारख्या केंद्राचं दारच लोकांना दिसेना. कोर्टांत फक्त तातडीची कामं. सर्वोच्च न्यायालयाने ६ एप्रिल २०२० ला व्हिडिओवरून सुनावणीची वाट देशभरच्या न्यायालयांना मोकळी करून दिली खरी, पण दहा बाय बाराच्या खोलीतून, नवऱ्यासमोर, नवऱ्याच्याच फोनवरून नवऱ्याविरुद्ध साक्ष कशी द्यायची? निवारागृहं उघडी होती, पण आत नवी बाई घ्यायची तर आतल्या सगळ्यांना धोका. म्हणून आधी कोविडची चाचणी, मग विलगीकरण. रात्री अकराला मुलं घेऊन बाहेर पडलेल्या बाईला ‘आधी रिपोर्ट आणा’ म्हणणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि एक कडी तर साथीच्या आधीच निखळली होती. राज्य महिला आयोगाचं अध्यक्षपद फेब्रुवारी २०२० मध्ये रिकामं झालं आणि ते भरलं गेलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. दोन लाटा त्या रिकाम्या खुर्चीसमोरून गेल्या. एका व्यक्तीने सगळं बदललं असतं असं नाही, पण सरकारच्या प्राधान्यक्रमात हा विषय कुठे होता, हे कळायला एवढं पुरतं.

मग आकडे काय सांगतात? राष्ट्रीय महिला आयोगाकडे २५ मार्च ते ३१ मे २०२० या ६८ दिवसांत घरगुती हिंसाचाराच्या १,४७७ तक्रारी आल्या. मागच्या दहा वर्षांतल्या कुठल्याही मार्च ते मे या काळापेक्षा हा आकडा मोठा होता. आता कुणी विचारेल, एकीकडे फोन कमी झाले म्हणता आणि दुसरीकडे तक्रारी वाढल्या म्हणता, खरं काय? दोन्ही खरं. आयोगाकडे एरवी तक्रारी टपालाने आणि ऑनलाइन येत. टपाल विस्कळीत झालं. १० एप्रिलला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर जाहीर केला. फोनवर बोलताना आवाज होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करताना होत नाही. कोपऱ्यात बसून, मुलाचा ऑनलाइन वर्ग चालू आहे असं दाखवत, बाई चार ओळी पाठवू शकते आणि लगेच पुसून टाकू शकते.

पण त्यासाठी फोन तिचा हवा. आधी सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्के निघाल्या. उरलेल्या ४६ टक्क्यांचा फोन नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा सासऱ्याच्या खिशात. म्हणजे १,४७७ हा आकडा हिंसेचा नाही, तक्रार करता आली अशा बायकांचा आहे. तक्रारी वाढल्या की आपण म्हणतो हिंसा वाढली, कमी झाल्या की म्हणतो सुधारणा झाली. या विषयात दोन्ही अर्थ जपून काढायचे असतात.

त्यातल्या त्यात नेमकं सांगणारा एक अभ्यास आहे. दोन अर्थतज्ज्ञांनी महिला आयोगाच्याच तक्रारी जिल्हावार मांडून पाहिल्या. मे २०२० मध्ये सरकारने जिल्ह्यांचे लाल, नारिंगी आणि हिरवे असे भाग पाडले होते. मुंबई अर्थातच लाल. सर्वात कडक निर्बंध असलेल्या लाल जिल्ह्यांत घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी हिरव्या जिल्ह्यांच्या तुलनेत १३१ टक्क्यांनी जास्त वाढल्या. त्याच लाल जिल्ह्यांत बलात्कार आणि लैंगिक हल्ल्यांच्या तक्रारी मात्र घटल्या. रस्ते ओस पडल्यावर बाहेरचा धोका कमी झाला, दार लावल्यावर आतला वाढला. कुलूप तेच, फरक फक्त ते कुठल्या बाजूने लागलं याचा. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेने याला साथीच्या सावलीतली साथ म्हटलं.

या सगळ्यावर जगभर नाना युक्त्या निघाल्या. स्पेनमध्ये औषधांच्या दुकानात जाऊन ‘मास्क-१९ द्या’ म्हटलं की दुकानदाराने ओळखायचं आणि मदत बोलवायची. कॅनडातल्या एका महिला संस्थेने एप्रिल २०२० मध्ये हाताची खूण काढली: तळहात समोर, अंगठा आत, मग चार बोटं मिटायची. व्हिडिओ कॉलवर न बोलता सांगता येतं. आपल्याकडे जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने किराणा आणि औषधांची दुकानं अशा बायकांसाठी मदतीची ठिकाणं करावीत असं सुचवलं. कल्पना छान, पण मला मुंबईच्या वस्तीत तिची थोडी धास्तीच वाटते. तिथला मेडिकलवाला बहुधा नवऱ्याच्या ओळखीचा असतो, कट्ट्यावर त्याच्याच सोबत बसतो. आणि बटणाचा फोन वापरणाऱ्या बाईने हाताची खूण दाखवायची कुणाला?

महाराष्ट्रात गाजली ती पुणे जिल्हा परिषदेची घोषणा: समजावूनही जो नवरा बायकोला मारायचा थांबणार नाही, त्याला संस्थात्मक विलगीकरणात पाठवू. लोकांनी विनोद केले, पण त्यामागचा विचार गंभीर होता. आपल्याकडे मारलं कुणी, तर घर सोडायचं बाईने. मुलं, दप्तरं, गॅसचं पुस्तक, सगळं मागे टाकून. मारणाऱ्यालाच बाहेर काढा, हे २००५ च्या कायद्यात आधीपासून लिहिलेलं आहे, फक्त असा आदेश सहसा कुणी मागत नाही आणि सहसा कुणी देत नाही. साथीत अचानक रिकाम्या खाटा आणि माणूस उचलून नेण्याचा अधिकार प्रशासनाकडे होता, म्हणून ते बोलून दाखवायला सुचलं.

मुंबईत मात्र जे खरं चाललं ते फार साधं होतं, आणि म्हणून त्याची बातमी फारशी झाली नाही. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांचे दिवस तेव्हा धान्याची पाकिटं वाटण्यात जात होते. तांदूळ, डाळ, तेल घेऊन आलेल्या ताईला कुठलाच नवरा दारातून हाकलत नाही. ती आत डोकावू शकते, बाईचा चेहरा पाहू शकते, ‘यादीवर सही करायला जरा कोपऱ्यावर या’ म्हणू शकते. ताप मोजायला येणाऱ्या आरोग्य सेविकेचंही तेच. धारावीत त्या घरोघर फिरल्या. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं राज्यभर दारोदार गेली, तापमान, प्राणवायूची पातळी, जुने आजार विचारत. मदत बाईच्या रोजच्या वाटेवर येऊन थांबली तर तिला वेगळी वाट काढावी लागत नाही. नळ, रेशन दुकान, लसीकरण, दवाखाना, शाळेचं फाटक. मात्र एक पथ्य: ‘घरी त्रास आहे का?’ हा प्रश्न नवऱ्यासमोर, सासूसमोर कधीही विचारायचा नाही. पथक गेल्यावर त्याची किंमत तीच मोजते.

एक तक्रार मात्र नोंदवतोच. समजावणी आणि तडजोड यांतली रेषा त्या काळात फार पुसट झाली. ‘सध्या दिवसच असे आहेत, थोडं सांभाळून घ्या’ हे वाक्य नातेवाइकांनी म्हटलं तर समजू शकतो. मदत करायला बसलेल्यांच्या तोंडी ते आलं की बाई परत कधी त्या दारात जात नाही. समुपदेशकाचं काम संसार जोडणं हे नाही. आधी जीव सुरक्षित आहे का ते बघणं, मग बाईला काय हवं ते विचारणं, आणि ती म्हणेल त्यापुढे न जाणं.

त्याच वर्षात एक गोष्ट चांगलीही झाली, आणि ती मुंबईकरांना विशेष लागू पडते. इथे खोली नवऱ्याच्या नावावर क्वचितच असते. सासऱ्याची पागडी, सासूच्या नावाची एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली सदनिका, दिराच्या कर्जाचा वन रूम किचन. आधीच्या एका निकालामुळे ‘घर माझं आहे, मुलाचं नाही, तू चालती हो’ असं सासरे म्हणू शकत. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ बदलला. बाई ज्या घरात नांदत होती ते सासरच्या नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं आणि तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. डिसेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने आणखी सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांसाठीचा कायदा पुढे करून सुनेचा हा हक्क झटक्यात संपवता येणार नाही. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे हक्क संपले असा त्याचा अर्थ नाही, दोन्ही तोलून पाहायचं. पण रात्री बॅग बाहेर फेकणाऱ्याला आता कायद्याची ढाल सहज मिळत नाही.

शेजाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण भिंती पातळ असतात आणि ऐकू सगळ्यांनाच येतं. २००५ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसलीच दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘उगाच आपल्या अंगाशी येईल’ ही भीती त्यामुळे निराधार आहे. तेवढंही धाडस होत नसेल तर दार वाजवून वाटीभर साखर मागा. मारणारा हात त्या मिनिटापुरता थांबतो, आणि कुणीतरी ऐकतंय हे दोघांनाही कळतं.

ज्या बाईला आज बाहेर पडायचं नाही, पण कधीतरी पडावं लागेल असं वाटतं, तिने आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक यांचे फोटो एखाद्या विश्वासातल्या मैत्रिणीला पाठवून ठेवावेत आणि आपल्या फोनमधून पुसावेत. वळ उठले की तारखेसह फोटो, तोही तिच्याचकडे. एखादा शब्द ठरवून ठेवावा, ‘आज लोणचं घातलं’ असा, जो आला की मैत्रिणीने पोलिसांना फोन करायचा. मुंबईत बायकांसाठी पोलिसांचा १०३, कुठल्याही तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत वकिलासाठी १५१००, आणि राष्ट्रीय महिला आयोगाचा जुलै २०२१ पासून चोवीस तास चालणारा ७८२७१७०१७०.

आणि पलीकडे फोन उचलणाऱ्यासाठी साथीने एक नियम पक्का करून दिला. नाव, पत्ता, काय झालं, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न: ‘आत्ता बोलता येईल का? फक्त हो किंवा नाही म्हणा.’ नाही म्हणाली, तर कधी फोन करू हेही हो-नाहीतच विचारायचं: सकाळी? दुपारी? नळाच्या वेळेला? आणि उलट फोन केला तेव्हा दुसऱ्याच कुणी उचलला, तर म्हणायचं, ‘धान्याच्या यादीत तुमचं नाव आहे का, ते विचारायला फोन केला होता,’ आणि ठेवून द्यायचा. कुर्ल्याच्या त्या खोलीत एप्रिल २०२० मध्ये या वाक्याचा कुणाला संशय आला नसता.